न आलेल्या कांजण्या

"खाजवू नकोस. हात खाली घे. हनुवटी जरा आत. हां, आता इकडं बघ."

"खाज सुटलीय, काका."

"डास चावला असेल. फोटो झाला की खाजव पोटभर."

वर्ग खदाखदा हसला. मी त्या पोरीची हनुवटी दोन बोटांनी धरून सरळ केली, कपाळावर आलेली बट माझ्याच कंगव्यानं मागं सारली आणि खटका दाबला. कपाळावर दोन लालसर पुटकुळ्या होत्या. दिसल्या मला, नाही असं नाही. पण फोटोवाल्याला तोंडावरचा डाग दिसतो तो काढून टाकण्यापुरताच.

एक्याण्णव सालची गोष्ट आहे. वडूजच्या बाजारपेठेत माझा पोतदार फोटो स्टुडिओ. सातवीच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो लागायचे, म्हणून त्या सोमवारी मी शाळेत जाऊन भिंतीवर पांढरी चादर लावली आणि एका दिवसात दोन तुकड्या उरकल्या. ब्याऐंशी पोरं. प्रत्येकाची हनुवटी धरली, प्रत्येकाच्या तोंडाशी तोंड नेऊन "हलू नकोस" म्हटलं.

तेव्हा फोटो काळेपांढरे. निगेटिव्ह धुतली की काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि टोकदार पेन्सिलीनं तोंडावरचे डाग एकेक ठिपका देत भरून काढायचे. लग्नाच्या मुलींचे मुरुम काढण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आताही सांगतो. गुरुवारी सातवी ब काढायला बसलो तर अकरा पोरांच्या तोंडावर ठिपके. मी स्वतःशीच म्हटलं, डास फार झालेत गावात. आणि सगळे ठिपके काढून टाकले.

शनिवारी जंगमसर फोटो न्यायला आले. एकेक फोटो हातात घेऊन बघत राहिले.

"वा पोतदार! एकाच्याही तोंडावर डाग नाही. हात आहे बुवा तुमचा. आणि तिकडं निम्मा वर्ग अंथरुणाला खिळलाय."

"का? काय झालं?"

"कांजण्या. सोमवारपासून रोज चारपाच जण कमी. आमच्या हेडबाईंनी आज वर्गच बंद केला. तुम्हाला येऊन गेल्यात ना लहानपणी?"

मला आठवेना. आणि घरी माला होती. नववा महिना लागला होता तिला.

माला म्हणजे माझी बायको, विजयमाला. हे तिसरं पोटुशेपण. आधीची दोन पाचव्या-सहाव्या महिन्यात गेली. दोन्ही वेळा मी तिच्याजवळ होतो, दोन्ही वेळा तिनं माझा हात इतका आवळला होता की बोटं दोन दिवस दुखत होती. तिची आई नव्हती, वडील एकटे, म्हणून बाळंतपणाला माहेरी न पाठवता इथंच ठेवली होती.

शटर ओढलं आणि तडक इनामदारबाईंच्या दवाखान्यात गेलो. या बाई म्हणजे गावातल्या एकमेव बाळंतपणाच्या डॉक्टर. तोंडानं फटकळ, पण मालाचं हे मूल त्यांनी सात महिने डोळ्यांत तेल घालून जपलं होतं.

"तुम्हाला आल्यात का आधी?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"माहीत नाही."

"मालाला आलेल्या नाहीत. मी तिच्या वडिलांना विचारून केसपेपरवर लिहून ठेवलंय." त्यांनी चष्मा काढला. "हे बघा पोतदार. पोराला कांजण्या आल्या तर आठ दिवस खाजवतं आणि उठून खेळायला जातं. मोठ्या माणसाला जड जातात. आणि बाळंतपणाच्या तोंडावर आईला आल्या तर पोटातल्या बाळाचं काही खरं नसतं. जन्मल्या जन्मल्या ते बिचारं झुंजणार कशाच्या जोरावर?"

"मग मी आत्ताच घराबाहेर पडतो."

"आज-उद्या भीती नाही. तुमच्या अंगात शिरल्या असल्या तरी पहिला आठवडा तुमच्यापासून कुणाला लागत नाहीत. पण आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत तुम्ही तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. पुटकुळी उठायच्या आधी दोन दिवस माणूस कांजण्या वाटत फिरतो, आणि त्याचं त्याला कळत नाही."

"लस नाही का एखादी?"

"परदेशात निघालीय म्हणतात. आपल्याकडं येईल तेव्हा येईल. आणि आली असती तरी पोटुशीला देत नाहीत."

"आई म्हणेल दाराला कडुलिंब बांधू."

"बांधा की. पण पाल्यानं हवा अडत नाही, एवढं आईला सांगा."

आईनं ते ऐकून घेतलं असतं तर ती माझी आई कसली!

"तुला येऊन गेल्यात," रविवारी जेवताना ती ठासून म्हणाली. "शाळेतही जात नव्हतास तेव्हा. मीच नव्हते का रोज अंथरुणात पाला घालत?"

"मला, का दादाला?"

"दोघांनाही."

"मगाशी म्हणालीस दादा तेव्हा मामाकडं होता."

"ही खूण बघ की भुवईवरची! कांजणीचाच खड्डा आहे तो."

"आई, ती विटी लागली होती मला. टाके पडले होते."

"मी आई का तू?" ती ताटावरून उठली. "देवी ज्याच्या घरी यायची त्याच्या येते. तिला भिऊन बाप्या माणूस घर सोडतो होय? लोक शेण घालतील तोंडात."

आई आत गेल्यावर माला हळूच म्हणाली, "सासूबाईंना नक्की आठवत असेल ना? आईला आठवतंच की."

"तिला मी घरी राहायला हवाय, म्हणून आठवतंय."

"मलाही हवाय." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "मागच्या दोन्ही वेळा तुम्ही होतात. या वेळी कुणाचा हात धरू मी?"

सोमवारी सकाळी वळकटी आणि तांब्या घेऊन स्टुडिओत राहायला गेलो.

दुकानही बंद ठेवलं. गिऱ्हाइकांत लेकुरवाळ्या येतात, पोटुश्या येतात. एकीला वाचवून दुसरीला द्यायच्या हे काही खरं नव्हे. दारावर पाटी लावली, 'काही दिवस बंद'. दोन दिवसांत सगळ्या पेठेला कारण कळलं. पानवाला रस्त्यातूनच ओरडायचा, "काय पोतदार, उठल्या का नाही अजून?" जसं काही मी अंड्यांवर बसलोय.

दिवस सरता सरत नव्हता. सकाळी आई डबा पायरीवर ठेवायची आणि गटाराच्या पलीकडं जाऊन उभी राहायची. मी डबा घेतला की म्हणायची, "अंगावर काही दिसतंय?"

"नाही."

"दिसायचंच नाही. येऊन गेल्यात तुला." आणि पदर खोचून चालू लागायची.

मी शर्ट काढून मोठ्या दिव्याखाली आरशासमोर उभा राहायचो. छाती, पाठ, कानामागं. जन्मभर दुसऱ्यांचे डाग शोधले, आता स्वतःच्या अंगावर शोधत होतो. घामोळं दिसलं तरी दिवा आणखी जवळ ओढायचो. बोलायला कुणी नाही. भिंतीवर सगळ्या गावाची लग्नं लावलेली, नवरानवरी माझ्याकडं बघून हसताहेत, आणि मी खाली चटईवर एकटा गार भाकरी चावतोय. एकदा तर मी त्यातल्या एका नवऱ्याशी बोललोसुद्धा. वेड लागायची पाळी आली होती, दुसरं काय.

संध्याकाळी पाच वाजता मात्र माला यायची. समोर तांबोळ्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या कट्ट्यावर ती बसायची आणि मी रस्त्याच्या अलीकडं, स्टुडिओच्या दारात. मधून बैलगाड्या, एसट्या. गिरणीच्या घरघरीत एक शब्द ऐकू यायचा नाही. मग ती हातानं सांगायची. पोटावर हात ठेवून बोटं उडवायची, म्हणजे आज पाय मारतोय. गालावर हात, म्हणजे झोप झाली नाही. मी मान हलवायचो.

एक दिवस तांबोळीचाचांना आमची कीव आली. त्यांनी गिरणीच बंद केली. "बोला, बोला! पाच मिनटं बोला," म्हणाले.

एकदम सगळं चिडीचूप झालं. दळणाला आलेल्या दहा बाया डबे धरून आमच्याकडं बघायला लागल्या. मला तिला किती काय सांगायचं होतं! पण तोंडातून आलं ते, "जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"जेवलो."

"बरं," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.

चाचांनी कपाळाला हात लावला आणि गिरणी पुन्हा सुरू केली.

सोळाव्या दिवशी, बुधवारी, आई सकाळी आली ती डब्याशिवाय. लांबूनच ओरडली, "कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेलंय. चल."

दहा दिवस आधीच. मी चपला न घालताच निघालो. दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडं विजेचा खांब होता, त्यापुढं माझा पाय उचलेना. दवाखाना बैठा, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी रस्त्याकडं. खिडकीला हिरवा पडदा. त्या पडद्याआड माला होती, आणि मधे वीस पावलांचा रस्ता.

आई आत जाऊन आली. घामानं थबथबली होती.

"तुझं नाव घेतीय ती सारखी. चल आत."

"आई, आज सोळावा दिवस आहे. हेच दिवस आहेत धोक्याचे."

"काही धोका नाही! तुला येऊन गेल्यात म्हणते ना मी!" तिनं रस्त्याकडेची माती उचलली, मुठीत धरली. "सिद्धनाथाची आण घेऊन सांगते. तुला कांजण्या येऊन गेल्यात. आता तरी चल."

माझी आई आण घेत नसे. कधीच नाही. शेजारणीशी भांडतानासुद्धा नाही. मी तिच्याकडं बघत राहिलो. खरंच आठवत असेल का हिला? मग दादा मामाकडं होता ते? भुवईवरचे टाके? आई खरं बोलत असेल तर मी शुद्ध मूर्ख होतो. आणि तिची चूक असेल तर माझ्या एका श्वासानं सगळं संपलं असतं. एक पाऊल पुढं टाकलं मी. खोटं कशाला बोलू, टाकलं.

आणि तेवढ्यात आतून हाक आली.

"अहोऽ! आहात का तुम्ही? अहोऽ, ओ द्या की!"

मालाचा आवाज तसा बारीक. पण ती हाक अख्ख्या रस्त्याला ऐकू गेली. सायकलवरून जाणारा माणूस थांबून बघायला लागला.

मी खांब दोन्ही हातांनी धरला. ओठ उघडले होते माझे. पण मला माझी खात्री नव्हती. ओ दिली असती तर पुढचं पाऊल थांबलं नसतं. मी दात घट्ट आवळून धरले.

तिनं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर मारली नाही.

"दगड आहेस," आई म्हणाली. मुठीतली माती माझ्या पायावर टाकून ती आत गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाळाचं रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं इनामदारबाईंनी पडदा सारला. "मुलगी आहे. दोघी ठणठणीत आहेत. जा आता, दुकानात जाऊन रडा."

त्यांनी सांगितलं तसंच केलं मी.

एकविसावा दिवस उलटला. अंगावर एकही पुटकुळी आली नाही. एक म्हणजे एकही नाही.

बाविसाव्या दिवशी दाढी करून घरी गेलो. पोरीची पाचवीही माझ्यावाचून पुजून झाली होती. आईनं दारातच सुनावलं, "बघ, बघ! काही आलं का अंगावर? मी ओरडून सांगत होते, येऊन गेल्यात म्हणून!" माला बाळंतिणीच्या खाटेवर बसली होती. तिनं पोरगी माझ्या हातात दिली. जावळ काळंभोर, मूठ आवळलेली. तोंडावर एक डाग नव्हता.

मग मालानं विचारलं, "हाक ऐकू आली होती?"

आता तरी खरं सांगायचं की नाही? पण मी म्हटलं, "नाही. लांब होतो."

"सासूबाई म्हणाल्या, समोरच खांबाजवळ होता."

मी पोरीच्या मुठीकडं बघत बसलो. माला उठून टोपडं शोधायला लागली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. माला भांडली नाही. संसार सगळा नीट केला. पण त्या दिवसापासून तिनं मला हाक मारली नाही. मी माळ्यावर असो, परसात असो, ती हातातलं काम ठेवून जवळ यायची आणि मगच बोलायची. पुढं पोरगी, आमची गौतमी, बोलायला लागल्यावर तिला पाठवायची, "बाबांना सांग, पान वाढलंय." इतर बायका नवऱ्याला गल्लीच्या टोकावरून "अहो" म्हणून बोलावतात ते ऐकलं की मी उगाच मागं वळून बघायचो. पेठेत तर माझं नावच 'एकवीस दिवस' पडलं. आई मरेपर्यंत पाहुण्यांना ती गोष्ट सांगून हसवायची. आलेलं संकट लोकांना दिसतं, टाळलेलं कुणाला दाखवणार? आणि माझ्या बाबतीत तर टाळायला काही होतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं गेली. गौतमीला सहाव्या-सातव्या वर्षीच मी साताऱ्याला नेऊन कांजण्यांची लस दिली होती, तेव्हाही पेठ हसली होती. ती पुण्यात नोकरीला लागली. स्टुडिओ बंद केला. घरात मी आणि माला, आणि मागच्या खोल्यांत एक भाडेकरू कुटुंब.

मग एका मार्चमध्ये भाडेकरूंच्या धाकट्या मुलीला कांजण्या आल्या. पंधरा दिवसांनी मला ताप भरला. आंघोळीच्या वेळी छातीवर एक पुटकुळी दिसली, पाण्यानं भरलेली. पाठीवर तीन. संध्याकाळपर्यंत मोजायचं सोडून दिलं. एकोणसाठाव्या वर्षी, ज्या मला 'येऊन गेल्या' होत्या, त्या आल्या.

मी माडीवर गेलो आणि दार लावून घेतलं. गौतमीनं फोनवरून नुसता दंगा केला, "आईला अजून आलेल्या नाहीत ना? मग आजच्या आज लस टोचून घ्यायला पाठव तिला. उद्यावर टाकायचं नाही." नव्या डॉक्टरांनी घरी येऊन मला गोळ्या दिल्या, या वयात छातीत उतरू शकतात म्हणाले, आणि मालाला दवाखान्यात बोलावून लस टोचली. त्यांनीच सांगितलं तिला, "यांना लहानपणी आल्याच नव्हत्या हो. पहिलीच वेळ आहे ही."

दवाखान्यातून आल्यावर माला जिन्यावर येऊन बसली. दाराच्या फटीतून तिचा पदर दिसत होता.

"वर येऊ नकोस," मी म्हटलं. घशातही फोड होते, आवाज निघत नव्हता. "लस लगेच लागू पडत नाही."

"येत नाही. इथंच बसते." मग म्हणाली, "म्हणजे सासूबाईंची आण खोटी."

"तिला खरंच वाटत असेल."

"तेव्हा तुमच्या अंगात कांजण्या नव्हत्याच पण. आत आला असतात तरी काही झालं नसतं."

"हो."

"पण झालं असतं, असंही असू शकलं असतं."

"तेच," मी म्हटलं.

तिच्या बांगड्या वाजल्या. डोळे पुसत असावी. "आत आला नाहीत याचा राग नव्हता हो मला. बाईंनी समजावलं होतं सगळं. तीनदा हाक मारली मी. आत यायचं नव्हतं तर नव्हतं. ओ का दिली नाहीत?"

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न घरात होता आणि मी त्याच्या कडेकडेनं चालत होतो. ताप होता म्हणून असेल, या खेपेला पळालो नाही.

"ऐकली होती. तिन्ही वेळा. ओ दिली असती तर आत आलो असतो, माले. एक पाऊल टाकलंच होतं."

मग ती उठल्याचं, एकेक पायरी उतरत गेल्याचं ऐकू आलं. मी कुशीवर वळलो. अंगाची आग होत होती. वाटलं, बोललो हे चुकलं, आता ही आणखी गप्प होणार.

खाली भांडी वाजली. स्टो पेटल्याचा आवाज आला. आणि मग स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, बंद दारातून,

"अहोऽ!"

मी ताडकन उठून बसलो.

"अहोऽ! कांजण्यांत फोडणी घालत नाहीत ना? वरण बिनफोडणीचंच ठेवू का?"

घसा फाटत होता. तरी होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडलो, "ओऽ!"

"ओ काय ओ! फोडणीचं विचारतेय मी!"

मी पुन्हा ओ दिली.